आता सगळीकडं हेच चालतं

कोऱ्या कम्प्युटरवर बसायला मला फार आवडतं. सिस्टीम नुकतीच टाकलेली, पडदा स्वच्छ रिकामा, आणि त्या रिकाम्या पडद्यावर एकटी कचऱ्याची बादली. घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही, पण केर टाकायची सोय तेवढी आधी झालेली. मग आपण ठरवायचं, या घरात कोण येणार आणि कोण नाही. कुठला ब्राउझर, कुठलं ऑफिस, व्हिडिओ कशात लागणार, मराठी कशात लिहायचं. यात एक सत्तेची गोडी असते. खोटं कशाला बोलू, ती मला चांगलीच लागलेली होती.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी कम्प्युटरची लॅब सांभाळते. त्यामुळं नात्यागोत्यात कुणाचंही मशीन मंदावलं की फोन मला. कन्हेरीची मावशी, सासरकडचे एक काका, शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू, सगळ्यांकडं मीच. मी जाते, करून देते, पण बोलून घेते. "ही असली घाण कुणी भरून ठेवलीय यात?" असं पहिल्या पाच मिनिटांत म्हटलं नाही तर काम सुरू झाल्यासारखंच वाटत नाही मला. तोंड फटकळ आहे माझं. आई असताना म्हणायची, हिला बोलताना मधे श्वाससुद्धा घ्यायला नको. त्यावर मी तिलाही काहीतरी उलट बोलले असणार.

मागच्या थंडीत दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, कळसला शेती बघतो. म्हणाला, "अगं, त्यो कम्प्युटर चालू करतो, गोठ्यात जाऊन धारा काढून येतो, तरी त्याचं आपलं गोल-गोल फिरतंयच. ये की एकदा." मी म्हटलं, येते रविवारी, पण माझ्या पद्धतीनं करणार, मधे कुणी बोलायचं नाही. "तुझ्यामधी कोण बोलतंय बाई," दादा म्हणाला.

आई गेल्यापासून कळसचं घर वहिनींच्या जीवावर चालतं. माझे वडील, म्हणजे आबा, दादा, गोठा, डाळिंबाची बाग आणि येणारंजाणारं माणूस. भाची पुण्याला हॉस्टेलवर गेली, तेव्हापासून घरात बाईमाणूस म्हणून त्या एकट्याच. वहिनी माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठ्या, पण मला "वन्सं" म्हणतात, "अहो-जाहो" करतात. मीही त्यांना "तुम्ही" म्हणते. बोलताना मात्र आमचं जमतं. मी एक टोला मारला की त्या दोन परत करतात, तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

तर त्या रविवारी मी नवी वेगवान डिस्क घेऊन स्कूटीवर कळसला गेले. जुने फोटो, कागद, भाचीचे प्रोजेक्ट बाजूला काढून ठेवले, डिस्क बदलली, सिस्टीम टाकली. सोप्यात टेबलावर तो कोरा पडदा उजळला तेव्हा आबासुद्धा खुर्ची पुढं ओढून बसले. मी म्हटलं, बोला आता. कुणाला काय काय पाहिजे यात?

"मला कुस्त्या लावून दे," आबा म्हणाले. "आन हवामान."

"सातबारा निघाला पाह्यजे," दादा म्हणाला. "प्रिंटर चालला पाह्यजे. बाकी तुझं तू बघ."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी मान वळवून विचारलं, "आणि वहिनी, तुम्हाला?"

"मला वं काय लागतंय त्यात," म्हणाल्या, आणि आबांच्या हातात कप देऊन आत गेल्या.

झालं. मी कामाला लागले. ब्राउझर टाकला, जाहिराती अडवायची सोय केली, पीडीएफ वाचायचं टाकलं. कसलीही फाइल दिली तरी मुकाट चालवणारा व्हिडिओ प्लेअर टाकला, त्यावर आबांना लगेच एक कुस्ती लावून दाखवली. ऑफिस फुकटातलं टाकलं. मला बारामतीत बसून कळसचं मशीन बघता यावं म्हणून एक प्रोग्रॅम टाकला. प्रिंटरनं नेहमीप्रमाणं जीव खाल्ला. मराठीसाठी मी माझ्या आवडीचं नवं टाकलं, ज्यात इंग्रजी के दाबला की क उमटतो, एम दाबला की म. सोपं, फुकट, आणि लिहिलेलं थेट मोबाइलवर पाठवता येतं. एकेक चिन्ह पडद्यावर येऊन बसत होतं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

जेवायला बसलो. आमच्याकडं जेवताना पहिल्या "नको"ला काही किंमत नसते. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा म्हटलं तर मग वाढणारी थोडा विचार करते. मटकीची उसळ होती, शेंगदाण्याची चटणी, बाजरीची गरम भाकरी. दोन भाकऱ्या झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला. "नको वहिनी, बास." "हात काढा." "अहो खरंच नको." "बारामतीला काय खाताय ते दिसतंय की गालावरनं. काढा हात." आणि भाकरी पडली माझ्या ताटात. मी ती खाल्ली, वर ताकही प्याले. वहिनींना माहीत होतं की मला ती हवी होती. मलाही माहीत होतं की त्या वाढणार.

जेवण झाल्यावर मी कम्प्युटरच्या टेबलाचा खण आवरायला काढला. आत जुन्या सीड्यांची चळत. लग्नाच्या कॅसेटवरनं केलेली सीडी, कुठल्या तरी प्रिंटरची, आणि दादानं पूर्वी पाणीपुरवठा संस्थेचा कारभार बघताना घेतलेलं जुन्या पद्धतीचं मराठी टायपिंग. टाइपरायटरवर अक्षरं जिथं असायची तिथंच त्यात येतात. इंग्रजी अक्षरांशी त्यांचा काही संबंध नाही. ते चालायला कम्प्युटरच्या पाठीमागं एक बारकं कुलूपही लावावं लागायचं, पेनड्राइव्हसारखं. मी दादाला विचारलं, हे लागतं का आता? दादा म्हणाला, छे, मी सगळं मोबाइलवरच करतो. मग मी लग्नाची तेवढी बाजूला ठेवली आणि बाकीच्या सीड्या आबांच्या हातात दिल्या. "घ्या आबा, पाखरांना." बागेत राघू फार टोचतात फळं. सीडी झाडाला टांगली की वाऱ्यानं फिरते, चमकते, आणि पाखरं जरा दबकून असतात. आबा खूश झाले आणि सुतळी शोधायला गेले.

तेव्हा वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. हात कोरडे होते, तरी पुसत होत्या.

"वन्सं, त्यात ते जुनं टायपिंग असतंय बघा. ते?"

प्रिंटर तेव्हा कुठं नुकताच सरळ झाला होता, आणि मला अंधार पडायच्या आत बारामती गाठायची होती. मी पडद्यावरनं मान न वळवता म्हटलं, "ते कशाला आता? कोण वापरतंय ते? टाकून दिलं. आता सगळीकडं हेच चालतं."

"व्हय?"

"मग! कॉलेजात काय मी गवत उपटते का वहिनी? सगळीकडं हेच."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मला त्या वेळी ठाऊक नव्हतं ते आता सांगते. इंदापूरच्या एका शाळेत जूनपासून क्लार्कची जागा भरायची होती. ओळखीच्या एका बाईंनी दिवाळीतच वहिनींच्या कानावर घातलं होतं, म्हणाल्या, टायपिंगची चाचणी घेतील, तयारी ठेव. वहिनी लग्नाआधी वडगाव निंबाळकरवरनं रोज यष्टीनं बारामतीला येऊन टाइपरायटरवर मराठी टायपिंग शिकल्या होत्या. पासही झाल्या होत्या. त्यांचं स्थळ आलं तेव्हा आबांनी हे भावकीत अभिमानानं सांगितलेलं मला आठवतं. मग लग्न झालं आणि ते टायपिंग कुणाला लागलं नाही. आणि आता, भाची पुण्याला गेल्यावर, दुपारी आबा आडवे झाले की वहिनी त्या गोल-गोल फिरणाऱ्या मशीनवर बसून दादाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बोटं परत आणत होत्या. कुणाला न सांगता. झालं तर सांगायचं म्हणून. आणि मी ते सॉफ्टवेअर डाळिंबाला टांगायला दिलं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, मला काय ठाऊक? पण एवढंच नाही.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, आमच्या कॉलेजच्या ऑफिसातनं निरोप आला. एका टेबलावरचं मशीन नवं आलंय, त्यावर मराठी टायपिंग टाकून द्या. कुठलं? तेच, जुनं. आमच्या ऑफिसात सगळे त्यावरच काम करतात. माझ्या लॅबच्या दारावर ज्या नोटिसा लागतात त्यासुद्धा त्याच अक्षरात असतात, वर्षानुवर्षं. मी माझ्या हातानं त्या नव्या मशीनवर ते जुनं टायपिंग टाकलं, पाठीमागं कुलूप लावलं, आणि एक ओळ टाइप करून चालतंय का बघितलं. तेव्हा वहिनी मनात आल्या. उंबऱ्यात उभ्या, पदराला हात पुसत. मला वाटलं, फोन करून सांगावं का, की वहिनी, मी बोलले ते तितकंसं खरं नाही, जुनंही चालतं पुष्कळ ठिकाणी. पण मग मीच म्हटलेलं, "कॉलेजात काय गवत उपटते का?" ते मागं घ्यावं लागलं असतं. एवढ्याशा गोष्टीला कोण फोन करतंय, म्हणून मी चहा प्यायला गेले.

पुढं महिनाभरानं वहिनींचाच फोन आला. "वन्सं, ह्यात ज्ञ कसा काढायचा वं?" मी सांगितलं. आठवड्यानं परत, "श्र कसा?" मग, "रफार कुठं?" मला इतका आनंद झाला! मी टाकलेलं वहिनी वापरतायत म्हणून. मी चिडवलं, "काय वहिनी, कादंबरी लिहिताय का?" त्या म्हणाल्या, "लिवते की. तुमच्यावरच." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, बायकांच्या भिशीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकत असतील. कशासाठी विचारताय, असं एका शब्दानं विचारलं नाही मी. सांगायची हौस मोठी ना. लॅबमधल्या पोरींना मात्र ऐकवलं, माझी वहिनी बघा, खेड्यात राहून स्वतः शिकतीय, नाहीतर तुम्ही.

उन्हाळ्याच्या तोंडाला इंदापूरच्या एका कॉलेजात मला प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला बोलावलं होतं. काम आटोपून मी स्टँडवर आले, तर समोर वहिनी. लग्नाकार्याला नेसतात ती जांभळी साडी, केस चापूनचोपून, काखेत प्लास्टिकची फाइल.

"अगंबाई! वहिनी, तुम्ही इथं कुठं? आणि कुणाचं लग्न काढलंय?"

"माजंच," म्हणाल्या. नेहमीसारखं, रेघ न हलवता. पण डोळे लाल होते.

मी त्यांना हाताला धरून स्टँडसमोरच्या रसवंतीत नेलं. दुपारची वेळ, आम्ही दोघीच गिऱ्हाइकं. चरक सुरू झाला, घुंगरं वाजायला लागली, आणि त्या आवाजात वहिनींनी मला सांगितलं, शाळा, ओळखीची बाई, दिवाळी, सगळं. दादाला सांगितलंय का, मी विचारलं. "न्हाय. बँकेत जाते म्हणलं. झालं असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे झालं नाही?"

रस समोर आला. वहिनींनी ग्लासाला हात लावला नाही.

"तुमी यायच्या आधी बोटं यायला लागली व्हती माघारी. मला वाटलंच नव्हतं येतील म्हणून. इतकी वर्सं गेली. पर बोटं काय इसरत न्हाईत वन्सं. मग तुमी नवं टाकलं. मी म्हणलं, बरं झालं बया, जुन्यावर बसून गेले असते आन तितं माजं हसं झालं असतं. तुमी म्हणला व्हता ना, सगळीकडं हेच. मग पयल्यापासनं शिकले. जुनं मनातनं काडून टाकलं. लई तरास झाला, पर आलं. चांगलं आलं."

"मग?"

"मग काय. आज तितं बसवलं, कागद दिला. पडदा बघितला तर जुनंच. आदी आनंद झाला बघा मला. म्हणलं, हे तर आपल्या माहेरचं. आन बोटं ठिवली तर बोटं जाईनात. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. क दाबावा तर काना उमटतोय. त्या मॅडम चांगल्या व्हत्या. म्हणल्या, घाबरू नका ताई, पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा तसंच."

मीही ग्लास खाली ठेवला. त्या क्षणी सांगायचं होतं मला, वहिनी, मला माहीत होतं. सांगायचं होतं आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "काय शाळा तरी! अजून ते जुनाट वापरतात. बदलायला नको का यांनी?" आणि तेही जोरात, चरकवाल्यानं मान वर करून बघावं इतकं.

"त्यांची काय चूक," वहिनी म्हणाल्या. "आन तुमचीबी काय चूक? तुमी चांगलंच बसवून दिलं. मीच एकदा इचारून गप बसले."

मग त्यांनी रस पिऊन टाकला, एका दमात, औषध प्याल्यासारखा. भिगवणची गाडी लागली म्हणून त्या उठल्या. फाइल काखेत, पदर खांद्यावर. खिडकीतनं मला हात केला. मी स्टँडवर उभी राहिले आणि स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की आईनंसुद्धा कधी दिल्या नसतील.

पुढच्या रविवारी मी कळसला गेले. ऑफिसातनं त्या जुन्या टायपिंगचा सेटअप पेनड्राइव्हवर घेतला होता. डिस्क बदलताना मीच काढून ठेवलेलं कुलूप दादाच्या कपाटात सापडलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पाटावर बसायचंही सुचलं नाही मला, उभ्याउभ्याच बोलले.

"वहिनी, मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात जुनंच आहे. सगळीकडं हेच, हे मी उगाच म्हणाले. चिडले होते म्हणून."

वहिनींचा हात परातीत थांबला. मग पुन्हा थापायला लागल्या.

"म्हंजे तवाच माहीत व्हतं?"

"हो."

"आन मी फोन करत व्हते, ज्ञ कसा, श्र कसा, तवा?"

"तेव्हाही."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला. पाणी चुरचुरलं. मला वाटलं आता बोलतील काहीतरी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते, रडल्या असत्या, भांडल्या असत्या, मी सगळं ऐकून घेतलं असतं. त्यांनी भाकरी उलटली.

"मी ह्यांना सांगितलं," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळं सांगितलं. ह्ये म्हणले, तिला तर ठाऊक असायला पाह्यजे व्हतं. मी म्हणलं, न्हाय वं. वन्सं लॅबमधी असत्यात, ऑफिसातलं त्यांना कुठनं कळतंय. उगी त्यांच्या नावानं बोलू नका."

मला तिथं उभं राहवेना. मी सोप्यात आले आणि मशीन चालू केलं. झटकन सुरू झालं, कसलं गोल-गोल नाही. मीच केलेलं काम. माझी ती सगळी चिन्हं ओळीनं बसलेली, आबांच्या कुस्त्या, दादाचा सातबारा. वहिनींचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. मी जुनं टायपिंग टाकलं, कुलूप लावलं, त्याचं चिन्ह सगळ्यांत वर आणून ठेवलं. मग हाक मारली.

"वहिनी, जरा बसा की इथं येऊन."

"नको, भाकऱ्या व्हायच्यात."

"झाल्यावर या. थोडंसं बसा."

"नको ओ वन्सं. झालं ते झालं. आता त्या जागंवर दुसरी बाई घेतलीबी. नवरा न्हाय तिला, बरं झालं तिला मिळालं."

"वहिनी, माझ्यासाठी."

त्या आल्या. पदराला हात पुसले, या वेळी पीठ खरंच होतं हाताला. खुर्चीवर ताठ बसल्या, टायपिंगच्या क्लासात बसवतात तशा, पाय जुळवून, मनगटं उचलून. बोटं ठेवली. कीबोर्डकडं बघितलं नाही. मला वाटतं गावाचं नाव टाइप करायचं होतं त्यांना, माहेरच्या. पहिलं अक्षर बरोबर आलं. दुसऱ्याला बोट अडलं, भलतीकडं गेलं. त्यांनी ते खोडलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोटच उचलून धरलं, हवेत, कुठं टेकवावं ते कळत नसल्यासारखं. मग एकेक अक्षर मागं खोडत कागद पहिल्यासारखा कोरा केला.

"राहू द्या हे असंच," उठताना म्हणाल्या. "कुणाला लागलं तर."

ते आहे तिथं अजून. मी गेले की उघडून बघते. शेवटचं कधी उघडलं ते त्यात दिसतं. दर वेळी ती माझ्याच मागच्या फेरीची तारीख असते.

त्या दिवशी जेवणाआधी मी बागेत गेले. डाळिंबं तोडायला आली होती. आबांनी बांधलेल्या सीड्या झाडाझाडाला फिरत होत्या. टायपिंगची ती विहिरीकडच्या वाटेवर होती, उन्हानं वरचं नाव पुसत आलेलं, पण मला ओळखू आली. वहिनी गवताला, पाण्याला दिवसातनं दोनदा तरी या वाटेनं जातात. मी सुतळी सोडायला हात वर केला आणि मग सोडली नाही. काढून तरी काय करणार होते?

माघारी आले तर पानं घेतलेली होती. आबा, दादा आणि मी. दादा माझ्याशी बोलत होता, पण ताटाकडं बघून. मटकीच होती त्या दिवशीही, आणि गरम भाकरी. दोन भाकऱ्या झाल्या. वहिनी टोपलं घेऊन माझ्यापाशी आल्या.

"वाडू?"

सवयीनं मी ताटावर हात आडवा धरला. "नको वहिनी, बास."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि टोपल्यावर झाकण ठेवून आत गेल्या.

मी ताटावरनं उठले तेव्हा मला भूक होती.